फोनसाठी आरोग्य आणि व्यायामाचं ॲप कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे गोळ्या, पथ्य आणि पैशांच्या भानगडी. एकाचं उत्तर दुसऱ्यात दडलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

1. सगळ्यात चांगलं ॲप कोणतं? एकच नाव सांगा.

नावाआधी उलटा प्रश्न: तुम्हाला नक्की काय कळायला हवंय? "मी रोज किती चालतो?" एवढंच असेल तर आयफोनवर आधीपासून असलेलं हेल्थ पुरतं. अँड्रॉइडवर सॅमसंग हेल्थ चालतं, फोन सॅमसंगचा नसला तरीही. पळायला लागायचं असेल तर नायकी रन क्लब किंवा स्ट्राव्हा. खाणं लिहून ठेवायचं असेल तर हेल्दीफाय किंवा मायफिटनेसपाल, पण त्याआधी प्रश्न 6 वाचा.

आमचं मत विचाराल तर एका कामाला एकच ॲप घ्यावं. सगळं करणारं ॲप घेतलं की पाणी प्यायलात का, झोपलात का, उभे राहिलात का, अशी दिवसभर पिरपिर सुरू होते. मग माणूस आधी सूचना बंद करतो आणि महिन्याभरात ॲपही. फोन पावलं, जागा आणि वेळ मोजू शकतो, बाकीचं बहुतेक सगळं तुम्हालाच भरावं लागतं. तेव्हा जे भरायला तुम्हाला कंटाळा येणार नाही, ते तुमच्यासाठी चांगलं.

2. घड्याळ किंवा बँड घ्यावाच लागतो का?

चालणं मोजायला नाही. फोनमधल्या सेन्सरला अंगाच्या हेलकाव्यांवरून पाऊल कळतं, फक्त फोन अंगावर हवा. पँटच्या खिशात उत्तम, खांद्याच्या पर्समध्येही बरं चालतं.

अडचण घरात होते. ओटा ते गॅलरी, गॅलरी ते दार, दारातून गच्चीवर वाळवणाला, अशा येरझाऱ्या सकाळपासून चालू असतात आणि फोन मिक्सरशेजारी चार्जिंगला लावलेला असतो. साडीला खिसा नसतो. संध्याकाळी ॲप ऐटीत सांगतं, "आज 1,100 पावलं, थोडं चला!" ज्यांचा दिवस असा जातो त्यांनी साधा बँड घ्यावा. बाकीच्यांनी आधी दोन-तीन महिने फोनवरच भागवावं.

सूर्यनमस्कार, जोर-बैठका, पोहणं आणि सायकल पावलांत धरली जात नाहीत. ती मिनिटांत हाताने नोंदवा.

3. पावलं खरी मोजतंय की उगाच आकडा फुगवतंय?

सपाट रस्त्यावर मनात मोजत 200 पावलं चाला. आधीचा आणि नंतरचा आकडा पाहा. 190 ते 210च्या दरम्यान आलं तर पुरे. आकडा पडद्यावर उमटायला मिनिटभर लागू शकतं, लगेच वैतागू नका. मग स्कूटरवरून रोजच्या रस्त्याने एक चक्कर मारा. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी काही फोन पावलं वाढवतात. तुमचा फोन त्यातला निघाला तर रोजच्या आकड्यातून तेवढं वजा धरा.

4. पावलं मोजणं मध्येच बंद का पडतं?

बहुतेक वेळा बॅटरीमुळे. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी अशा फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद पाडली जातात. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन निर्बंध काढा आणि ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. दुसरं कारण परवानगीचं. अँड्रॉइड 10पासून पावलांसाठी 'शारीरिक हालचाल' अशी वेगळी परवानगी लागते. नुसत्या पावलांसाठी लोकेशनची गरज नसते, मागितलं तर नाही म्हणा.

5. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा 1965च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रापासून रूढ झाला. टोकियो ऑलिंपिक नुकतंच झालं होतं, चालण्याची हवा होती आणि गोल आकडा लक्षात राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2020ची शिफारस पावलांत नाहीच. ती सांगते, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही.

त्यामुळे ॲपमध्ये उद्दिष्ट बदलता येतं का ते पाहा. सध्या 3,000 होत असतील तर 4,000 लावा. ज्या ॲपमध्ये दहा हजार कायमचे ठोकलेले असतात ते सोडून द्या.

6. पिठलं-भाकरी, उसळ, थालीपीठ हे ॲपमध्ये सापडतं का?

पैसे भरण्याआधी ही परीक्षा घ्याच. तुमच्या घरात खरोखर होणारे पाच पदार्थ शोधा: ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, कांदेपोहे, साबुदाण्याची खिचडी. रोमन लिपीत भाकरीचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून पाहा. बंगळूरूचं हेल्दीफाय 2012पासून भारतीय खाण्यावर काम करतंय, त्यामुळे तिथे आपलं बरंच सापडतं. मायफिटनेसपालचा साठा मोठा आहे, पण त्यातला बराचसा वापरणाऱ्यांनीच भरलाय. एकच पोहे तीन वेगवेगळ्या कॅलरींचे दिसतात.

पदार्थ सापडला तरी पुढची पंचाईत वाटीची. तुमच्या घरची वाटी आणि ॲपची वाटी एक नसते. आमटीची वाटी आणि श्रीखंडाची वाटी तरी कुठे एक असते? म्हणून ज्या नोंदीत ग्रॅम दिलेत तीच निवडा.

सगळ्यात मोठी चूक तेलात होते. एका चहाच्या चमच्याएवढ्या तेलात साधारण 40 कॅलरी असतात आणि आपण फोडणीला पळीने घेतो. उपवासाचं तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. कोरड्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 कॅलरी, वर शेंगदाण्याचं कूट, त्याच्या 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास, आणि वर तूप. खाणं प्रामाणिकपणे लिहिलंत तर कित्येकांचा एकादशीचा दिवस आठवड्यातला सगळ्यात जड दिवस निघतो.

उपाय असा: घरात नेहमी होणारे आठ-दहा पदार्थ एकदाच काट्यावर कच्चे मोजा. डाळ, पीठ, तेल, कूट सगळं. ॲपमध्ये 'माझी पाककृती' म्हणून साठवा आणि किती जणांत वाटलं तो आकडा टाका. एका रविवारचं काम आहे. ज्यात ही सोय नाही, किंवा पैसे भरल्यावरच मिळते, त्या ॲपचा मराठी घराला फारसा उपयोग नाही. मूळ आकडे ताडून पाहायचे असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले आहेत. न्यूट्रिफाय इंडिया नाऊ हे ॲपही त्याच संस्थेचं.

फोटोवरून कॅलरी सांगणारी सोय गमतीला ठीक. वरणभात तिला ओळखता येतो, भाताखाली मुरलेलं तूप दिसत नाही.

7. चालून 400 कॅलरी जळल्या असं दाखवतंय. तेवढं जास्त खाल्लं तर चालेल?

नको. जळलेल्या कॅलरी हा ॲपचा सगळ्यात कच्चा आकडा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडीच्या बाबतीत बहुतेक बरी निघाली, पण कॅलरीत सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं. नुसत्या फोनकडे तर नाडीचाही आधार नसतो. काही ॲप जळलेल्या कॅलरी खाण्याच्या कोट्यात आपोआप परत घालतात. सेटिंग्जमध्ये ते बंद करा, नाहीतर फिरून आल्यावर वडापाव हक्काचा वाटायला लागतो.

8. फुकट ॲप पुरेसं आहे की पैसे भरावेत?

चालणं, पळणं, वजनाची नोंद यासाठी फुकट पुरतं. पैसे बहुधा माणसासाठी लागतात: आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक, कोणीतरी चौकशी करणारं. तेव्हा तो माणूस कोण, त्याचं शिक्षण काय, आठवड्यातून किती वेळा बोलणार, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

आज फुकट असलेलं उद्या फुकट राहीलच असं नाही. मायफिटनेसपालने पाकिटावरचा बारकोड वाचण्याची सोय 2022मध्ये पैसेवाल्या योजनेत हलवली. पहिल्याच आठवड्यात वर्षाची वर्गणी भरू नका. "ऑफर आज रात्री संपते" म्हणतात, पण ती पाडव्याला परत येते.

9. सरकारचं ॲप आहे ना, ते का नको?

वापरा की. फिट इंडियाचं ॲप 29 ऑगस्ट 2021ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी आलं. त्यात वयोगटाप्रमाणे तंदुरुस्तीच्या चाचण्या आहेत आणि त्या घरी करून पाहण्यासारख्या आहेत. आभा मात्र वेगळं. तो 14 आकडी क्रमांक तुमचे रिपोर्ट आणि दवाखान्याची कागदपत्रं जोडण्यासाठी आहे, व्यायामाशी त्याचा संबंध नाही.

10. ॲप काढून टाकलं तरी खात्यातून पैसे कापले. असं कसं?

ॲप काढणं आणि वर्गणी बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे कुठून भरले होते ते आधी आठवा. गुगल प्लेवरून भरले असतील तर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारा आणि पेमेंट व सदस्यत्वांच्या यादीत जाऊन रद्द करा. आयफोनवर सेटिंग्ज उघडा, सगळ्यात वर तुमचं नाव आणि आत सबस्क्रिप्शन्स. कंपनीच्या वेबसाइटवर यूपीआयने भरले असतील तर हे दोन्ही रस्ते बंद. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथली परवानगी रद्द करा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. ती एसएमएसच्या गर्दीत हरवते, एवढंच. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून कळतही नाही. पैसे नुकतेच गेले असतील तर गुगल प्लेवर 48 तासांच्या आत परताव्याची विनंती करा. नंतर थेट कंपनीच्या मागे लागावं लागतं.

फुकट चाचणी घेताना एक सवय लावा: सुरू केली त्याच दिवशी रद्द करायची. गुगल प्लेवर मुदत संपेपर्यंत ॲप तरीही चालतं.

11. ॲप माझी माहिती दुसऱ्यांना देतं का? घेण्याआधी काय बघू?

प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर 'डेटा सुरक्षितता' हा भाग 2022पासून असतो, ॲपलकडे तशीच चिठ्ठी 2020च्या डिसेंबरपासून. त्यात आरोग्याची माहिती इतरांना दिली जाते का आणि खातं पुसता येतं का, हे वाचा. मात्र ही माहिती कंपनीने स्वतःबद्दल स्वतःच भरलेली असते. ती खोटी असेलच असं नाही, पण कोणी घरी येऊन तपासलेलीही नसते.

परवानग्यांवरून जास्त कळतं. कॅलरी मोजणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? नाही म्हटल्यावर ॲप चालायचंच थांबलं तर उत्तर मिळालं समजा.

पासवर्ड वेगळा ठेवा. मायफिटनेसपालच्या सुमारे 15 कोटी खात्यांची माहिती 2018मध्ये चोरीला गेली होती. तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर काम तमाम. आपल्याकडे 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला लावण्याचा हक्क आहे. ॲप सोडताना ते नुसतं काढू नका, आधी खातं पुसा.

12. पळण्याचा नकाशा सगळ्यांना दिसतो का? मी पहाटे एकटी पळते.

स्ट्राव्हासारख्या ॲपवर दिसू शकतो, आणि तुमच्या बाबतीत हा प्रश्न पहिला सोडवायचा. 2018च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या जगाच्या नकाशावर सैनिकांच्या पळण्याच्या रेषांमधून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. तिथे घर आणि पळण्याची वेळ उघड होणं काय अवघड?

तीन गोष्टी करा. नव्या नोंदी आपोआप 'फक्त मी' किंवा 'फॉलोअर्स' अशा ठेवा. नकाशावर सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय चालू करा, म्हणजे घराचा कोपरा दिसणार नाही. ओळख नसलेल्या फॉलोअर्सना काढा. घरच्यांना थेट ठिकाण कळायला हवं असेल तर व्हॉट्सॲपवरून एकाच माणसाला तासाभरासाठी पाठवा.

13. पाळीची नोंद ठेवणारं ॲप सुरक्षित आहे का?

नोंद फोनमध्येच ठेवणारं ॲप निवडा. आयफोनच्या हेल्थमध्ये ही सोय आहे. ड्रिप हे फुकट, मुक्तस्रोत ॲप सगळं फोनमध्येच ठेवतं. फ्लो या प्रसिद्ध ॲपने वापरणाऱ्यांची माहिती फेसबुक आणि गुगलच्या यंत्रणांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी 2021मध्ये समझोता केला.

ॲपने दाखवलेले 'सुरक्षित दिवस' हे गर्भनिरोधन समजू नका. पाळी अनियमित असेल, पीसीओएस असेल, तर तो अंदाज आणखी फसतो.

14. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी मोजणारं ॲप चालतं का?

नाही. नाडी मोजता येते, बोटातल्या रक्ताच्या हेलकाव्याने रंग बदलतो तो कॅमेऱ्याला दिसतो. बीपीला पट्टा लागतो. इन्स्टंट ब्लड प्रेशर नावाच्या ॲपची 2016मध्ये तपासणी झाली तेव्हा बीपी जास्त असलेल्या दहांपैकी जवळपास आठ जणांना त्याने 'ठीक आहे' असं सांगितलं असतं. दंडावर बांधायचं मशीन घ्या आणि ॲप फक्त वही म्हणून वापरा.

15. आई-बाबांना मराठीत ॲप हवंय.

फोनची भाषा मराठी केल्यावर ज्या ॲपमध्ये मराठी आहे ते आपोआप बदलतं. अँड्रॉइड 13पासून एकट्या ॲपचीही भाषा बदलता येते. ॲप 'मराठी' म्हणत असेल तर आत जाऊन पाहा. पुष्कळदा बटणं मराठीत आणि व्यायामाच्या सूचना इंग्रजीत असतात.

खरं तर त्यांना भाषेपेक्षा जाहिराती जास्त नडतात. पूर्ण पडद्यावरच्या जाहिरातीची ती बारीक फुली चष्म्यातून सापडत नाही आणि बोट भलतीकडे लागतं. त्यांच्यासाठी जाहिराती नसलेलंच ॲप ठेवा, पहिल्या पानावर पावलांचं विजेट लावून द्या आणि ॲप उघडायची गरजच ठेवू नका. त्यांच्या फोनमधलं कार्ड किंवा ऑटोपे तपासून घ्या (प्रश्न 10).

16. मी दीक्षित डाएट करतोय. ॲप रोज "नाश्ता राहिला" म्हणून ओरडतं. काय करू?

ॲप तीन जेवणं आणि मधलं खाणं धरून बनवलेलं असतं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत. तेव्हा आठवणी बंद करा आणि दिवसाची एकूण बेरीजच बघा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकून थोड्या थोड्या वेळाने खाणाऱ्यांना नेमकी उलटी अडचण येते, त्यांना नोंदीसाठी जास्त खाने लागतात. दोघांचं चूक की बरोबर हे ॲप ठरवणार नाही, त्याला फक्त रकाने कळतात.

दीक्षितांच्या पद्धतीतलं 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटं. हा वेग तपासायचा तर पावलांवरून काढलेलं अंतर धरू नका, जीपीएस चालू करून चाला.

इन्सुलिन किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर लंघनाचं कुठलंही ॲप डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर बायकांनी आणि खाण्याबद्दल पूर्वी आजारपण झालेल्यांनी तर कॅलरी कमी करायला लावणारी ॲपच टाळावीत.

17. ॲप म्हणतं वजन 'नॉर्मल', डॉक्टर म्हणतात जास्त. आणि व्यायाम करूनही नाडी 'हिरव्या पट्ट्यात' जात नाही. खरं काय?

डॉक्टर. समजा उंची 165 सेंटिमीटर, वजन 66 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 24च्या थोडा वर. परदेशी मोजमापात 25पर्यंत सगळं हिरवं, पण भारतीयांसाठी 23च्या पुढे जास्त वजन आणि 25पासून लठ्ठपणा धरतात. ॲपमध्ये आशियाई मोजमापाचा पर्याय नसेल तर बीएमआयकडे बघू नका, कंबर मोजा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा.

नाडीचे पट्टे बहुतेक ॲप 220 वजा वय या हिशोबाने काढतात. बीपीची मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी राहते आणि कितीही चाललात तरी ॲपला तुम्ही आळशी वाटता. पट्टा गाठायला जोर लावू नका. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम म्हणजे मध्यम व्यायाम.

18. फोन बदलला की जुन्या नोंदी जातात का? आणि दोन ॲपमध्ये पावलं दुप्पट का दिसतात?

खात्यात साठवलं असेल तर नोंदी येतात, नुसत्या फोनमध्ये असतील तर बॅकअप घ्यावा लागतो. म्हणून निवडतानाच पाहा: ॲप हेल्थ कनेक्टशी, म्हणजे अँड्रॉइडवर वेगवेगळ्या ॲपच्या नोंदी एकत्र आणणाऱ्या सोयीशी (आयफोनवर हेल्थशी) जोडतं का आणि नोंदी फाइल म्हणून बाहेर काढू देतं का. हेल्थ कनेक्ट अँड्रॉइड 14पासून फोनमध्येच असतं. गुगलने 2024मध्ये गुगल फिटची जुनी जोडणी बंद करण्याचं जाहीर करून ॲपवाल्यांना तिकडेच वळवलं, त्यामुळे आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने गुगल फिटवर भिस्त ठेवू नये.

दुप्पट दिसतं कारण फोन आणि बँड दोघेही तीच पावलं लिहितात. कोणाचा आकडा आधी धरायचा ते हेल्थ कनेक्टमध्ये ठरवता येतं.

19. ऑफिसच्या चॅलेंजसाठी किंवा विमा कंपनीच्या सवलतीसाठी ॲप जोडायला सांगितलंय. जोडू का?

जोडा, पण फक्त पावलांची परवानगी द्या. परवानगीच्या यादीत झोप, वजन, नाडी, पाळी वेगवेगळी दिसतात, ती एकेक बंद करता येतात. सवलतीच्या अटीत रोज किती पावलं, महिन्यातून किती दिवस, आणि व्यायामशाळेतली मिनिटं धरतात का, हे आधी वाचा. पोहणाऱ्या आणि सायकलवाल्यांची सवलत इथेच बुडते (प्रश्न 2). नोकरी सोडताना किंवा पॉलिसी बदलताना जोडणी आठवणीने तोडा, ती आपोआप तुटत नाही.